कुणाचं पान, कुणाची अळी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातलं आमचं घर जुनं, कौलारू आहे. मागच्या बाजूला घराच्या दुप्पट परडं. तांबडी माती, कोपऱ्यात विहीर, तिच्या ओलीवर केळी, मग लिंबू, कढीलिंब, शेवगा, एक उंबर, आणि सासूबाईंनी लावलेली वांगी, चवळी, दोडका, रताळी. कुंपणावर कृष्णकमळाचा वेल चढलाय. कुंपणापलीकडचा तुकडा पडीक; तिथं रुई, टाकळा, घाणेरी आणि एरंड आपापलं वाढतात. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडचं रान फार लांब नाही. त्यामुळं पाऊस भरपूर, आणि पावसामागून किडेही भरपूर.

गेली काही वर्षं मी या परड्यातले किडे बघते, फोटो काढते, नावं शोधते आणि वहीत लिहून ठेवते. माझं शिक्षण या विषयातलं नाही. शाळेत जीवशास्त्र शिकले ते दहावीपर्यंत. तरीही हे जमतं, आणि चांगलं जमतं, म्हणून कसं शिकत गेले ते लिहितेय.

सुरुवात वांग्यावरून झाली. आषाढातली झड चालू होती आणि वांग्याच्या पानांना जाळी पडायला लागली. पानातला हिरवा गर खरवडून नेलेला, शिरा तेवढ्या शिल्लक. पान उलटलं तर खाली घुमटीसारख्या पाठीचा, तांबूस, काळ्या ठिपक्यांचा किडा. त्याच वेळी चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा बसलेला, आणि त्या माव्यातही तसाच घुमटी पाठीचा, काळ्या खुणांचा किडा फिरत होता. शेजारीपाजारी सगळ्यांचं मत एकच, दोन्हीवर औषध मारा. सासूबाई मात्र वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

“ह्याच्या अंगावर त्येज न्हाई गे,” वांग्यावरच्या किड्याकडं बोट करून त्या म्हणाल्या. “चवळीवरचा बघ, त्याल लावल्यागत झळकतोय. दोगं एक न्हवंत.”

त्यांचं बरोबर होतं. वांग्यावरचा होता तो एपिलॅक्ना. त्याच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मळकट दिसतो. पाठीवर अठ्ठावीस ठिपके असतात. त्याच्या शास्त्रीय नावातही हा आकडा आहे. तो आणि त्याची अळी दोघंही पान खातात. चवळीवरचा तो ढालकिडा, ज्याला शेतीखात्याची माणसं शेतकऱ्याचा मित्र म्हणतात. त्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत, आणि तिच्यावर ठिपक्यांऐवजी काळ्या नागमोडी रेघा. तो मावा खातो, आणि त्याची अळीही मावाच खाते. अळ्या बघितल्या तर गोंधळ उरतच नाही. एपिलॅक्नाची अळी पिवळी, सुस्त, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची. ढालकिड्याची अळी काळपट, लांबोडी, सहा पायांवर तुरुतुरु पळणारी.

पण अंडी? दोघांचीही अंडी पिवळी, लांबट, पानाच्या पाठीला उभी चिकटवलेली, पुंजक्यानं. नुसत्या अंड्यांकडं बघून मला आजही छातीठोक सांगता येत नाही. मग बघायचं ते आजूबाजूला. वांग्याचं पान असेल आणि शेजारी जाळी पडलेली असेल तर एक उत्तर. चवळीचा शेंडा असेल आणि दोन बोटांवर मावा असेल तर दुसरं. किड्याचं नाव शोधताना किड्याइतकंच त्याच्या पायाखालचं पान बघायचं, हा धडा मला तिथं मिळाला. पुढं जे काही शिकले ते सगळं याच्याच आधारानं.

वांग्यावरची अंडी आणि अळ्या आम्ही हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. चवळीला हात लावला नाही. आठवड्याभरानं चवळीवरचा मावा ओसरला.

त्यानंतर मी झाडांवरून किडे शोधायला लागले. हे उलटं वाटेल, कारण आपण फुलपाखरू उडताना बघतो आणि त्याच्यामागं धावतो. फुलपाखरू फुलावर बसतं ते मध प्यायला, आणि ते कुठल्याही फुलावर बसू शकतं. अंडी घालताना मात्र मादी काटेकोर असते, कारण अळीला ठरावीक झाडांचीच पानं चालतात. त्यामुळं एखादी मादी पानापानांवर टेकत, पायांनी पान चाचपत, फुलांकडं ढुंकूनही न बघता फिरताना दिसली की मी ते झाड लक्षात ठेवते. ती गेली की पानाची खालची बाजू आणि कोवळे शेंडे बघायचे.

आमच्या परड्यापुरतं सांगायचं तर लिंबावर आणि कढीलिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. कृष्णकमळावर टॉनी कोस्टरच्या तांबूस, काटेरी अळ्या. एरंडावर कॉमन कास्टर. टाकळ्यावर ग्रास यलो, म्हणजे ती छोटी पिवळी फुलपाखरं, जी श्रावणात रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीवर घोळक्यानं बसतात. कण्हेरीवर कॉमन क्रो. दारातल्या कुंडीत पानफुटी आहे, तिच्यावर रेड पिअरो येतं. त्याची अळी पानाच्या आत शिरते आणि वरचा-खालचा पापुद्रा तसाच ठेवून मधला गर खाते. पान उजेडासमोर धरलं की आत अळी सरकताना दिसते. मुलांना दाखवायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

पडीक तुकड्यातल्या रुईवर प्लेन टायगर. केशरी पंख, टोकाला काळा-पांढरा पट्टा, संथ उडणं. त्याची अळी रुईचा चीक पचवते आणि त्यातलं विष अंगात साठवते. ते फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आता गंमत अशी की अगदी त्याच्यासारखंच केशरी, काळ्या-पांढऱ्या टोकाचं दुसरं एक फुलपाखरू आमच्या भाजीच्या वाफ्यात खाली खाली उडताना दिसायचं. ते सारखं घोळीच्या भाजीवर टेकत होतं. प्लेन टायगर घोळीवर कशाला अंडी घालेल? फोटो मोठा करून बघितला. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, ते याला नव्हते. ती डॅनेड एगफ्लायची मादी होती. तिच्या अंगात विष नाही. विषारी फुलपाखराचं रूप घेऊन ती पक्ष्यांपासून वाचते. तिचा नर दिसायला पूर्ण वेगळा, काळा, पंखांवर पांढरे गोल आणि त्यांना निळी-जांभळी झाक. दोघं एकाच जातीचे आहेत हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दिवसभर घरातल्या प्रत्येकाला सांगत होते. आणि हे सगळं कळलं ते घोळीमुळं. वाफा निंदताना घोळ उपटून टाकली असती तर ती बाई आमच्याकडं आलीच नसती.

अळी कुठल्या फुलपाखराची हे ठरवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ती वाढवणं. आमच्या शेजारच्याच कारवार जिल्ह्यात, तेव्हाच्या नॉर्थ कॅनरामध्ये, डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या सरकारी नोकरीतल्या तिघांनी शंभरावर वर्षांपूर्वी हेच केलं. घरी अळ्या वाढवल्या, त्या काय खातात ते टिपलं, आणि १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते छापलं. त्यांना कॅमेरा फार उपयोगाचा नव्हता, रोजचं बघणं हीच त्यांची पुंजी. आपल्या बाजूच्या फुलपाखरांची अळी कुठल्या झाडावर सापडते, याची पुष्कळशी माहिती अजून त्या कामापर्यंत जाऊन पोचते.

मी वापरते ती पद्धत साधी आहे. एक मोठा पारदर्शक डबा, तोंडाला जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा, वर रबर. आत लिंबाची छोटी फांदी, तिचं देठ पाण्याच्या लहान बाटलीत. बाटलीचं तोंड कापसानं बंद करायचं, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. रोज सकाळी लेंड्या झाडून टाकायच्या, कारण त्यांना बुरशी धरली की अळी आजारी पडते. पानं त्याच झाडाची आणि ताजी द्यायची. औषध मारलेल्या झाडाचं पान चुकूनही घालू नये. एका डब्यात एक-दोन अळ्या पुरे.

लिंबावरच्या अळीचं बालपण पक्ष्याच्या विष्ठेच्या रूपात जातं. तपकिरी अंग, मधे पांढरा डाग. कुठला पक्षी तिला खायला जाईल? शेवटच्या कातीनंतर ती हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून दुशिंगी तांबूस अवयव बाहेर काढते. त्याला लिंबासारखा उग्र वास येतो. खाणं थांबवून ती डब्यात सैरावैरा फिरायला लागली, की कोष करायची वेळ झाली असं समजायचं. मग तिला एकटं सोडावं. एका काटकीवर ती शेपटीकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक फेरा टाकते आणि स्थिर होते. कोष कधी हिरवा होतो, कधी तपकिरी. ते ती कशावर आणि कशाच्या मधे चिकटलीय त्यावर ठरतं.

एका कोषातून फुलपाखरू आलंच नाही. आठ-दहा दिवसांत निघायला हवं होतं. कोष आधी मळका झाला, मग त्याला बाजूनं टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं, आणि त्यातून एकामागून एक इवल्या इवल्या, हिरवट चमकणाऱ्या गांधीलमाश्या बाहेर पडायला लागल्या. मुंगीहून लहान. बाहेर आलेली प्रत्येक माशी क्षणभर थांबून मिशा साफ करायची आणि मलमलकडं उडायची. या माश्यांची आई फुलपाखराच्या कोषात अंडी घालते, आणि पिल्लं कोष आतून खाऊन वाढतात. माझी भाची त्या वेळी बेळगावहून सुट्टीला आली होती. ती म्हणाली, “मावशी, किती वाईट!” मलाही आधी तसंच वाटलं. मग विचार केला, प्रत्येक अंड्याचं फुलपाखरू झालं तर आमच्या लिंबाला पान उरेल का? मी मलमल काढली आणि माश्या परड्यात सोडून दिल्या. वहीत कोषाच्या पुढं त्यांचीही नोंद आहे, तारखेसकट.

आता मधमाश्यांबद्दल. झेंडूवर घोंघावणारं, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीही दिसलं की ती मधमाशी, असं सगळे धरून चालतात. आमच्या झेंडूवर येणाऱ्यांपैकी बऱ्याचशा खरं तर माश्या आहेत, हॉवरफ्लाय. ओळखायला तीन गोष्टी पुरतात. मधमाशीला चार पंख, माशीला दोन. मधमाशीच्या मिशा लांब आणि वाकलेल्या, माशीच्या इतक्या आखूड की शोधाव्या लागतात. माशीचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात. पंख मोजणं बसलेल्या किड्यावर अवघड जातं, म्हणून मी आधी उडणं बघते. हॉवरफ्लाय हवेत एका जागी थांबते, झटक्यात बाजूला सरकते, परत थांबते. तिला डंख नसतो. तिची बिनपायाची, पानाच्या रंगाची अळी माव्यात लोळत मावा खाते. चवळीवरच्या त्या माव्याच्या पंगतीला ढालकिड्याच्या जोडीला हीही होती, हे मला दुसऱ्या वर्षी दिसलं.

खऱ्या मधमाश्यांतही पोळं करणाऱ्या आग्या, सातेरी आणि फुलोरी सगळ्यांना माहीत असतात. एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांकडं कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझा जीव सगळ्यात जास्त त्यांच्यावर आहे. निळ्या पट्ट्यांची एक माशी, ब्लू बँडेड बी, सकाळी तुळशीवर आणि टोमॅटोवर येते. टोमॅटो-वांग्याच्या फुलातला पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतो, टोकाच्या भोकातूनच बाहेर येतो. ही माशी फुलाला मिठी मारून अंग थरथरवते आणि पराग झाडून घेते. तिचा आवाज त्या क्षणी बदलतो, चढतो; डोळे मिटूनही कळतं. आपल्या साध्या मधमाश्यांना ही कला नाही. मोठा काळा भुंगा वांग्याच्या फुलावर हेच करतो. संध्याकाळी या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर एखाद्या वाळल्या काडीला जबड्यानं धरून ओळीनं झोपतात. आमच्याकडं ती काडी म्हणजे विहिरीजवळच्या वाळलेल्या तुळशीची. सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी ती तुळस काढायची ठेवली.

मादी मात्र मातीत घर करते. आमच्या पडक्या गोठ्याची एक भिंत पांढऱ्या मातीची आहे, तिला बोटभर रुंदीची भोकं. ह्यांनी दिवाळीपूर्वी ती भिंत सिमेंटनं लिंपायची म्हणून वाळूही आणली होती. मी त्यांना सकाळी उन्हात अर्धा तास तिथं बसवलं. माश्या भोकातून ये-जा करताना बघितल्यावर ती वाळू अंगणातल्या पायरीला वापरली गेली. कुंपणातल्या कळकाच्या पोकळ तुकड्यांत काळा भुंगा राहतो. गुलाबाच्या पानाला कडेनं कात्रीनं कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले तर ती कीड समजू नये. पानकापी माशी ते तुकडे नेऊन आपल्या पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावते. गुलाबाला त्यानं काही होत नाही.

मातीचं निघालं म्हणून सांगते. खानापूर कौलांच्या आणि मडक्यांच्या मातीसाठी नावाजलेलं गाव, आणि ही माती माणसांइतकीच कुंभारमाश्यांनाही आवडते. विहिरीच्या ओल्या कडेला त्या चिखलाच्या गोळ्या वळत बसतात. यांच्यातही दोन प्रकार आहेत, आणि मालकीण दिसली नाही तरी घर बघून सांगता येतं. चुलीमागच्या भिंतीला, फोटोच्या चौकटीमागं मातीचा ओबडधोबड थर, आत लांबट खोल्या: ही बारीक, लांब कमरेची चिखलमाशी. जुनं, रिकामं घर फोडलं तर आत कोळ्यांचे अवशेष मिळतात, कारण ती कोळी बेशुद्ध करून पिल्लांसाठी साठवते. काटकीवर किंवा भिंतीवर छोटं, गोल, गळा काढलेलं मडकं: ती खरी कुंभारीण. ती अळ्या भरते. अंडं ती मडक्याच्या छताला बारीक धाग्यानं टांगते. इथंही ओळख पटते ती जेवणावरूनच.

रताळ्याच्या वेलावर एक किडा आहे, तो बघायला बेळगावच्या शिवारात कुठंही जा. पानाला गोल गोल भोकं पडलेली, आणि पानावर सोन्याचा थेंब. हा कासवकिडा. त्याचं कवच कडेनं पारदर्शक, पाठ लखलखीत सोनेरी. त्याला मारून ठेवलं तर सोनं उतरतं आणि तपकिरी कवच हाती येतं, कारण ती झळाळी कवचातल्या ओलाव्यावर टिकून असते. म्हणून त्याचा फोटो जिवंतपणीच, झाडावरच घ्यायचा. मला वाटतं सगळ्याच किड्यांना हा नियम लावावा. टाचणीला लावलेल्या किड्यातून तज्ज्ञांना पुष्कळ काही कळतं, ते काम त्यांचं. परड्यातल्या माणसाला चांगले फोटो पुरतात. कासवकिड्याची अळी सोडलेल्या काती आणि स्वतःची विष्ठा शेपटीच्या काट्यावर जमवून पाठीवर धरते. ती काढून टाकायचा मोह होतो, तो आवरावा. मुंग्यांपासून तिला त्याचाच आडोसा असतो.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ओळख पटणं किंवा न पटणं बऱ्याचदा तिथंच ठरतं. माझ्याकडं साधा मोबाइल आणि त्याला चिमटीनं लावायची मॅक्रो लेन्स आहे. पहाटे, दव असताना जायचं. थंडीत किडे गारठलेले असतात, हलत नाहीत. पहिला फोटो लांबून, किडा दचकण्याआधी. मग पुढं सरकत वरून, बाजूनं, शक्य झालं तर समोरून आणि खालून. फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू लागतात, कारण पुष्कळ जाती वरून सारख्या आणि खालून वेगळ्या असतात. एक फोटो पानाचा, एक पूर्ण झाडाचा. एका फोटोत शेजारी नख किंवा नाणं, म्हणजे आकार कळतो. सावली किड्यावर पडू द्यायची नाही. आपली सावली आली की तो उडालाच.

मग पाय मोजायचे. ऐकायला पोरकट वाटेल. आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेत एक मुंगी जरा बाजूला, अडखळत चालताना दिसली, फोटोत आठ पाय निघाले. तो मुंगीचं सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून तो चालतो. मृग लागल्यावर पहिल्या पावसात मखमली तांबडे मृगाचे किडे निघतात, त्यांनाही आठ पाय. ते कीटक नव्हेत, कोळ्यांच्या वर्गातले. त्याच दिवसांत दिव्यावर पंखांच्या वाळव्या येतात आणि सकाळी ओसरीत नुसते पंख झाडून काढावे लागतात.

आयनॅचरलिस्ट हे अॅप मी वापरते. फोटो, जागा आणि तारीख टाकली की ते दिसण्यावरून नावं सुचवतं, आणि जगभरातले जाणकार बघून दुजोरा देतात किंवा दुरुस्ती करतात. घराची नेमकी जागा लपवता येते, ती लपवावी. अॅपनं सुचवलेलं पहिलं नाव मी लगेच घेत नाही. ती जात आपल्या भागात सापडते का, आणि मी पाहिलेल्या झाडाशी तिचा संबंध आहे का, हे दोन प्रश्न विचारते. पुष्कळदा पहिलं नाव इथंच गळतं. जातीपर्यंत पोचता आलं नाही तर कुळापाशी थांबते. कितीतरी बारीक माश्यांची जात सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगताच येत नाही. वहीत “हिरवी चमकदार, लिंबाच्या कोषातून” एवढं लिहिलेलंही पुढं कुणाच्या तरी उपयोगाचं असतं.

वही मात्र हवीच. माझ्या वहीत डाव्या पानावर झाड, उजव्या पानावर त्याच्याकडं आलेले. एकाच झाडाखाली वर्षानुवर्षांच्या नोंदी साठत जातात. भाद्रपदात चतुरांचे थवे परड्यावर घिरट्या घालतात तेव्हा त्यांना झाड नसतं, म्हणून त्यांच्यासाठी “आभाळ” नावाचं एक पान ठेवलंय. त्यातला वाँडरिंग ग्लायडर नावाचा पिवळसर चतुर हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो. विहिरीच्या कठड्यावर पंख मिटून बसणाऱ्या त्या टाचण्या, चतुरांच्याच बारीक अंगाच्या बहिणी. चतुर पंख पसरून बसतो, आणि टाचणीचे डोळे एकमेकांपासून लांब असतात.

रात्रीचं बघणं वर्षातून थोड्या वेळा करतो. अमावस्येच्या आसपास, पाऊस उघडलेला असताना, परड्यात दोरीवर सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर टांगायचं आणि त्याच्यासमोर दिवा लावायचा. पहिल्या तासात बारीकसारीक येतात, मग पतंग. तगरीवर मोठी हिरवी, पुढं निळ्या डोळ्यांसारख्या खुणा असलेली अळी कधी तुम्ही बघितली असेल. तिचा हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग, ओलिअँडर हॉकमॉथ, धोतरावर येऊन बसला तेव्हा शेजारचे अज्जाही कुंपणावरून बघायला आले. ते मूळचे बैलहोंगलकडचे, कानडी बोलणारे. त्यांच्याकडं फुलपाखराला पातरगित्ती म्हणतात. हा रात्रीचा पातरगित्ती काय, असं त्यांनी विचारलं आणि बराच वेळ थांबले. दोन-तीन तासांनी दिवा बंद करायचाच. आणि झोपण्यापूर्वी धोतर हलक्या हातानं झाडून पतंग झुडपांत सोडायचे. तसं नाही केलं तर पहाटे बुलबुल आणि दयाळ धोतरावर आयता फराळ करतात.

या सगळ्यातून परडं बदललं. पालापाचोळा आता जाळत नाही, उंबराखाली ओढून ठेवतो. पडीक तुकड्यातली झाडी दसऱ्याच्या आधी कापत नाही, कारण आमच्याकडं फुलपाखरांचा भर पावसाळा संपता संपताच असतो. वांग्यावर औषध नाही, हातानं वेचणं. तक्रारी आल्या; साप येतील म्हणून गल्लीतून सांगणं आलं. त्यावर वाटेकडचा पट्टा आम्ही नीट साफ ठेवतो आणि मागचा तसाच राहू देतो. एवढ्यावर सगळ्यांचं जमलंय.

गेल्या वर्षी जांबोटीच्या पाहुण्यांनी ईश्वरीचं बी दिलं. सापसंद म्हणतात तोच वेल. कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या त्याच्यावर वाढतात. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या कॉमन रोझसारख्याच दिसतात. फरक अंगाच्या रंगात, रोझचं अंग तांबडं, मॉरमॉनचं काळं. वेल कुंपणावर चढला आणि नवरात्रात एक काळं, शेपटीचं फुलपाखरू त्याच्यावर पान चाचपत फिरायला लागलं. तांबडं अंग मला लांबूनच दिसलं. पानाखाली लालसर अंडी निघाली. शेजारच्या अज्जांनी आता त्यांच्या बाजूच्या कुंपणासाठी ईश्वरीचं बी मागून घेतलंय, आणि मृगाच्या पहिल्या पावसात ते लावायचं ठरलंय.